साठ्ये काकांची गवताची फाइल

साठ्ये काकांनी दात काढून घेण्यासाठी तीन कोटेशनं मागवली होती. नौपाड्यात ही गोष्ट मी बऱ्याच जणांकडून ऐकली होती आणि पुढे ती फाइल स्वतः पाहिली, म्हणून खात्रीने सांगतो. खालची डावी दाढ हलत होती. काका तीन दंतवैद्यांकडे जाऊन आले. भूल कोणती देणार, वेळ किती लागणार, सूज आली तर जबाबदारी कोणाची, हे सगळं त्यांनी तिघांकडून लेखी घेतलं. मग घरी येऊन पट्टीने रेघा मारून तुलनात्मक तक्ता आखला. तक्ता अर्धा भरून झाला होता तेव्हा ती दाढ चिक्की खाताना आपोआप पडली. काकांनी ती धुतली, छोट्या पाकिटात घातली, पाकीट फाइलला टाचलं आणि खाली लिहिलं, "माल परस्पर निकाली. खरेदीची आवश्यकता उरली नाही."

काका कोलशेतच्या एका रंगाच्या कारखान्यात अठ्ठावीस वर्षं खरेदी अधिकारी होते. ते निवृत्त झाले, पण त्यांचा खरेदी विभाग निवृत्त झाला नाही. माठ असो, छत्री असो की कुकरची रिंग, तीन कोटेशनं आणि एक तक्ता झाल्याशिवाय त्या घरात काही यायचं नाही. कोणी काही विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं असे, "विचाराधीन आहे." एका मुंजीत वाढप्याने "काका, अजून भात?" विचारलं, तर त्यालाही तेच उत्तर मिळालं, आणि तो बिचारा भाताचं भांडं घेऊन उभा राहिला.

माझे वडील त्याच कारखान्याच्या गोदामात हेल्पर होते. ते अजूनही साठ्येसाहेब असंच म्हणायचे, आणि म्हणताना नकळत सरळ उभे राहायचे. साहेबांनी गोदामासाठी झाडू घ्यायला एकदा तीन महिने लावले, पण तो झाडू सहा वर्षं टिकला, ही गोष्ट ते पाहुण्यांना कौतुकाने सांगत.

आम्ही काकांच्या बैठ्या घरामागच्या चाळीत राहायचो. एका खोलीत पाच माणसं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. बारावीचा निकाल लागल्यावर बाबा मला आणि पेढ्यांचा पुडा घेऊन काकांकडे गेले. काकांनी पेढा हातात धरून विचारलं, "फिजिक्स की केमिस्ट्री?" मी फिजिक्स म्हणालो. त्यांनी व्हरांड्यातलं टेबल दाखवलं. "इथे बसून अभ्यास करत जा. दिवा आहे, पंखा आहे. मोबदल्यात तुला टेक्निकल कमिटीवर घेतो."

मला वाटलं, चेष्टा करतायत. पण काका चेष्टा करत नसत. कारखान्यात यंत्र घ्यायचं तर टेक्निकल कमिटीची नोट लागायची. घरात आता ती कमिटी म्हणजे मी, एकटाच.

मला त्या वयात चुकायची फार भीती वाटायची. कॉलेजात उत्तर येत असलं तरी हात वर करायचो नाही. चुकलो तर माझ्याबरोबर बाबांचे पेढेही चुकतील, असं काहीतरी वाटायचं. त्यामुळे कमिटीचं काम मी फार मन लावून करायचो. कुकरच्या रिंगवरसुद्धा मी दीड पान लिहिलं होतं.

काकांच्या घरापुढे हिरवळ होती. अठ्ठावीस फूट लांब, बावीस फूट रुंद. आजूबाजूला चार-चार मजली इमारती उभ्या राहत होत्या आणि मधोमध हा एक हिरवा रुमाल. तिचं गवत हिराबाई कापायची. हिराबाई कोलशेतची कोळीण. सकाळी खाडीची कोळंबी घेऊन नौपाड्याच्या बाजारात बसायची, आणि पाटी रिकामी झाली की आठवड्यातून एकदा विळा घेऊन काकांकडे यायची. गवत तिच्या बकऱ्यांना, चहा तिला, आणि हिरवळ काकांना, असा तो व्यवहार होता. पाटी मात्र फाटकाबाहेर ठेवायची, ही काकांची अट. पाटीजवळ मांजरं जमायची आणि हिराबाई आतून त्यांना शिव्या घालत गवत कापायची.

काकांचा मुलगा मुकुंद स्वीडनमध्ये नोकरीला होता. त्याला पत्रं लिहायचं खातं काकूंचं. काकू चार-चार पानं लिहायच्या आणि काका कोपऱ्यात एक ओळ, "अनेक आशीर्वाद, प्रकृतीस जपणे." काकू गेल्या आणि पत्रं थांबली. भांडण वगैरे काही नव्हतं. चार पानं लिहिणारं माणूस गेलं होतं, आणि उरलेल्या दोघांना फक्त कोपरा भरता येत होता. महिन्यातून एकदा मुकुंदचा फोन यायचा. मी टेबलापाशी असलो की मला ऐकू यायचं. "बरा आहेस ना? मीही बरा आहे. ठेव आता, तिकडे मीटर पळत असेल." एवढ्यावर फोन संपायचा. मग काका थोडा वेळ रिसीव्हरवरची धूळ पुसायचे. धूळ नसायचीच.

मी एस. वाय.ला असताना, मार्च महिन्यात, स्वीडनहून एक जाड पाकीट आलं. आत दोन रंगीत माहितीपत्रकं आणि एक चिठ्ठी. 'बाबा, इथे गवत आपोआप कापणारी यंत्रं निघाली आहेत. माणूस लागत नाही. दोन कंपन्यांची माहिती पाठवतो. तुम्ही निवडा, मी डिसेंबरात येताना घेऊन येतो.'

फोटोत हिरवळीवर एक कासव होतं. चाकांवरचं, चपटं. ते म्हणे दिवसभर एकटंच फिरायचं, गवत कुरतडायचं, झाड आडवं आलं की वळायचं. एका कंपनीचं कासव पाठीवर ऊन घेऊन चालायचं. दुसरीचं विजेवर, आणि वीज संपली की ते आपल्या पायाने आपल्या पेटीत जाऊन बसायचं. मी फिजिक्सचा विद्यार्थी असूनही मला ते खरं वाटेना.

काकांनी दोन्ही पत्रकं भिंगाखाली तपासली आणि पहिलं वाक्य बोलले ते असं, "दोनच? तिसरं कोटेशन कुठे आहे?"

तिसरी कंपनी काही मिळेना. नियम तर मोडायचा नव्हता. शेवटी काकांनी तिसऱ्या रकान्यावर लिहिलं, 'श्रीमती हिराबाई, कोलशेत. विळा.' आणि पुढच्या आठवड्यात ती आल्यावर वही घेऊन तिच्यासमोर खुर्ची टाकून बसले.

"हिराबाई, तुमची गॅरंटी किती?"

तिने विळा थांबवला. "माजी? माजी आई नव्वद वर्सा जगली. लिवा तिच्या आसपास."

काकांनी लिहिलं, 'टिकाऊपणा समाधानकारक.' मग विचारलं, "सुट्या भागांची काय परिस्थिती?"

"दात सोरले तर सगला जागच्या जागी हाय. तुमचा बी तसाच ना?"

काकांनी याची नोंद घेतली नाही. पण तक्ता उत्तम झाला होता. इंधन या ओळीत ऊन, वीज, चहा असं होतं. आवाज या ओळीत पहिल्या दोघांपुढे 'अल्प' आणि हिराबाईपुढे 'मांजरांवर अवलंबून'.

यंत्राचं चित्र तिला मी दाखवलं. तिने ते लांबून, मग जवळून पाहिलं. "आनि कापल्याला गवत कोन नेनार? यो खानार?" मी सांगितलं की ते गवत बारीक करून तिथेच टाकतं, जमिनीला खत होतं. ती पुन्हा गवत कापायला लागली. जाताना मात्र फाटकापाशी थांबून म्हणाली, "माज्या बकऱ्यांना पन इचारा एकदा. त्यांचा बी कोटेशन घ्या."

यानंतर प्रश्न सुरू झाले. माहितीपत्रकात जे स्पष्ट नाही ते पुरवठादाराला लेखी विचारायचं, असा खरेदीचा शिरस्ता. इथे पुरवठादार मुकुंद. काका मराठीत सांगायचे आणि मी डिक्शनरी घेऊन इंग्रजीत लिहायचो. मुकुंदला मराठी येतं ना, असं मी एकदा भीतभीत म्हटलं. काका म्हणाले, "मराठीत घरगुती पत्रं लिहितात. ती मला येत नाहीत. हे ऑफिशियल आहे."

प्रत्येक प्रश्नाला क्रमांक होता. प्रश्न तीन : अडथळा आल्यास यंत्र वळते असे म्हटले आहे. झोपलेले मांजर हा अडथळा समजावा काय? प्रश्न पाच : यंत्र चुकून फाटकाबाहेर गेल्यास ते परत येते, की आणावे लागते? ही वाक्यं इंग्रजीत बसवताना मला घाम फुटायचा. एक पत्र लिहायला मला अख्खी दुपार लागायची.

पंधरा-वीस दिवसांनी उत्तर यायचं, तेही क्रमांक घालून. मुकुंद प्रत्येक प्रश्नासाठी यंत्रांच्या दुकानात जायचा. दुकानामागे हिरवळीचा तुकडा होता, तिथे ते कासव फिरत ठेवलेलं असायचं. मांजर त्याला मिळालं नाही, म्हणून त्याने आपली लोकरी टोपी समोर ठेवून पाहिली. कासव टोपीला टेकलं आणि वळलं. थंडी असल्यामुळे त्याने टोपी लगेच घातली, असंही उत्तरात होतं.

मी वाचून दाखवायचो आणि काका डोळे मिटून ऐकायचे. मधेच बोट वर करायचे. "ते टोपीचं पुन्हा वाच. तापमानाचा मुद्दा आहे." मी पुन्हा वाचायचो. मला वाटायचं, काय बारकाई आहे. पत्र आलं की चहा मी करायचो, आणि त्या दिवशी काका म्हणायचे, "साखर दोन चमचे टाक." एरवी अर्धा.

पावसाळा गेला. गवत गुडघ्याला लागायचं, हिराबाई डोक्यावर प्लास्टिक घेऊन कापायची, आणि प्रश्न चौतिसापर्यंत पोचले. मग मुकुंदने लिहिलं की डिसेंबरात आणायचं तर ऑक्टोबरअखेर निर्णय कळवा, दुकानदाराला आधी सांगावं लागतं.

काकांनी पत्र बाजूला ठेवलं. "विचाराधीन आहे."

आठवडा गेला, दुसराही गेला. मला काळजी वाटू लागली. काकांचं वय झालंय, त्यांना निर्णय घेता येत नाहीये, आणि त्यांच्या दिव्याखाली बसून मी नुसताच शिकतोय, असं मला वाटलं. म्हणून मी न सांगता नोट लिहिली. दोन पानं, इंग्रजीत, माझ्या आयुष्यातली पहिली नीट इंग्रजी पानं. दोन्ही यंत्रांचे गुणदोष मांडून शेवटी लिहिलं, 'समिती एकमताने उन्हावर चालणाऱ्या यंत्राची शिफारस करते.' खाली सही केली आणि फाइल काकांपुढे ठेवली.

त्यांनी ती वाचली. पुन्हा पहिल्या पानापासून वाचली. चष्मा काढला, पुसला, घातला.

"नोट उत्तम झाली आहे," ते म्हणाले.

कमिटीची शिफारस खरेदी अधिकाऱ्याने डावलायची नाही, हा त्यांचा नियम होता. अठ्ठावीस वर्षांत त्यांनी एकदाही डावलली नव्हती. त्यांनी 'मंजूर' लिहून सही केली. मी त्याच दिवशी पोस्टात जाऊन पत्र टाकलं आणि घरी जाऊन बाबांना सांगितलं. बाबांनी आईला पुन्हा सांगितलं. परत आलो तेव्हा काकांनी फाइल पांढऱ्या फितीने बांधून कपाटात ठेवली होती.

त्यानंतर व्हरांड्यात शांतता झाली. अभ्यासाला खरं तर चांगलीच. काका सकाळी पेपर वाचायचे, मग तोच पेपर दुपारी वाचायचे. पोस्टमन गल्लीतून जायचा तेव्हा फाटकाकडे बघायचे आणि मग आपण काही बघितलं नाही असं बघायचे. एकदा छत्रीवाला दारावर आला, तर त्याच्याकडून कोटेशन न मागता त्यांनी छत्री दुरुस्त करून घेतली. ते पाहून मी घाबरलो.

हिराबाईने मला फाटकाशी गाठलं. ती पाटीत गवत दाबत होती.

"काय र पोरा, म्हाताऱ्याला काय केलास?"

मी म्हटलं, काही नाही, यंत्र ठरलं, फाइल बंद झाली.

"पत्र यायचा तवा गोर चाय मिलायचा. आता नुसता कारा, साकर नावाला." तिने पाटी डोक्यावर घेतली. "तुजा कालेज कंचा हाय र? तितं हे शिकवत नाय वाटता."

मी शिफारस केलेलं यंत्र आलं तर हिचं गवत जाणार होतं, त्याबद्दल ती एक अक्षर बोलली नाही. चहाबद्दल बोलली.

त्या संध्याकाळी काका भाजी आणायला गेले असताना मी कपाटातून फाइल काढली. चौतीस प्रश्न मी लिहिले होते, पण ते एका दमात कधी वाचले नव्हते. माझं सगळं लक्ष क्रियापदांवर असायचं. आता वाचले.

प्रश्न अकरा : आपल्या तिकडे हे यंत्र कोण उचलते? ज्या व्यक्तीच्या कमरेला शाळेत असताना डाव्या बाजूस इजा झाली आहे तिने ते उचलावे काय?

प्रश्न सोळा : यंत्र दुपारी तासभर बंद ठेवल्यास चालेल काय? त्या वेळेत चालक जेवतो काय? काय जेवतो?

प्रश्न बावीस : अंधारात यंत्र थांबते. आपल्या तिकडे नोव्हेंबरात अंधार किती वाजता पडतो, आणि त्यानंतर चालक काय करतो?

प्रश्न एकतीस : घरात एकटी राहणारी व्यक्ती हे सर्व सांभाळू शकते काय? आपला अनुभव कळवावा.

हे सगळे प्रश्न मी माझ्या हाताने इंग्रजीत नेले होते. डिक्शनरीत शब्द सापडल्याचा आनंदही झाला होता. आणि मग मीच ती फाइल बंद केली होती, एकमताने.

फाइल पुन्हा फितीने बांधून जागेवर ठेवली. काकांशी हे बोलणं शक्यच नव्हतं. ते म्हणाले असते, तापमानाचा मुद्दा होता. बंद फाइल उघडायला कारखान्यात एकच वाट होती. कमिटीने स्वतःची चूक लेखी मान्य करायची.

मी अंगणात उतरून चूक शोधू लागलो, कारण खोटी चूक लिहिणं बरं दिसलं नसतं. पण खरी चूक पायाखालीच होती. शेजारी नवी चार मजली इमारत उभी राहिली होती आणि तिची सावली हिरवळीवर आडवी पसरली होती. दुसऱ्या दिवशी मी कॉलेज बुडवून दर तासाला सावलीच्या कडेला खडे ठेवत गेलो. दुपारी दीडनंतर हिरवळीवर ऊन नव्हतंच. मी उन्हावर चालणाऱ्या यंत्राची शिफारस केली होती आणि ऊन मोजलंच नव्हतं. फिजिक्सचा विद्यार्थी.

या वेळी मी मराठीत लिहिलं. 'समितीने शेजारच्या इमारतीची सावली विचारात घेतली नाही. शिफारस चुकीची आहे. चूक माझी आहे.' शेवटचं वाक्य लिहिताना हात थांबला होता. लिहून झाल्यावर मात्र हलकं वाटलं.

काकांनी कागद वाचला. खडे कुठे ठेवले ते बघायला अंगणात उतरले. एकेका खड्यापाशी थांबून परत आले.

"गंभीर चूक आहे," ते म्हणाले.

"हो काका."

"घाई झाली."

"हो."

त्यांनी कपाट उघडलं. फितीची गाठ घट्ट बसली होती, त्यांना सुटेना, मला द्यायलाही तयार नव्हते. शेवटी सुटली. खुर्ची ओढून बसले आणि घसा साफ केला. "लिही. प्रश्न पस्तीस. आपल्या राहत्या जागी दिवसातून किती तास ऊन येते? हिवाळ्यात ते पुरेसे वाटते काय?"

मी डिक्शनरी न उघडता लिहिलं.

हे पत्र टाकून चार दिवसही झाले नव्हते आणि स्वीडनहून पाकीट आलं. मी फोडून वाचायला लागलो. मुकुंदने लिहिलं होतं, 'आपला निर्णय मिळाला. तथापि वसंत ऋतूत नवीन मॉडेल येणार असल्याचे दुकानदार सांगतो. तरी आपला निर्णय कृपया स्थगित ठेवावा. सोबत तिसऱ्या कंपनीचे माहितीपत्रक जोडले आहे. काही शंका असल्यास अवश्य विचाराव्यात.' पहिल्यांदाच त्याने उत्तर मराठीत लिहिलं होतं.

काकांनी माझ्या हातातून पाकीट घेतलं आणि तिकिटावरचा शिक्का भिंगाखाली धरला.

"आपला प्रश्न पस्तीस पोचायच्या आधी टाकलंय हे," ते म्हणाले. भिंग तसंच धरून ठेवलं होतं. मग ते खाली ठेवून म्हणाले, "चहा टाक."

किती साखर, ते मी विचारलं नाही.

डिसेंबरात मुकुंद आला, यंत्राशिवाय. पहिल्या दिवशी दुपारी हिरवळीवर, सावली आलेल्या भागात, दोन खुर्च्या टाकून बापलेक बसले होते. मी व्हरांड्यात पुस्तक उघडून बसलो होतो. दोघंही समोरच्या फाटकाकडे बघत होते. "प्रवास ठीक झाला?" "झाला." मग बराच वेळ काहीच नाही. शेवटी काका मला म्हणाले, "आतून ती फाइल आण रे."

मी फाइल दोघांच्या मधल्या स्टुलावर ठेवली. काकांनी पहिलं पान उघडलं. मुकुंद पुढे वाकला आणि हसून म्हणाला, "बाबा, त्या टोपीचं तुम्हाला पूर्ण सांगितलंच नाही." आणि सांगू लागला. चार वाजले, पाच वाजले, ते अजून प्रश्न नऊवर होते. मी दोनदा चहा नेऊन दिला.

हिराबाई पाटी बाहेर ठेवून आत आली. तिने मुकुंदला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, वाळलाय असं म्हणाली, आणि त्यांच्या खुर्च्यांच्या कडेने गवत कापायला बसली. बराच वेळ विळ्याचा आवाज येत होता. मग मान वर न करता तिने विचारलं, "मंग? आनला का तुमचा कासव?"

काका उत्तर द्यायला तोंड उघडत होते, पण त्यांच्या आधी मुकुंद बोलला.

"विचाराधीन आहे, हिराबाई."

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "पाय वर घ्या दोगंबी."

दोघांनी एकदमच पाय वर घेतले.